केसपेपरवर नसलेलं लक्षण

पीसीओएसचं, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोमचं, निदान हा तसा सरळ हिशेब आहे. तीन गोष्टी पाहायच्या. पाळी अनियमित आहे का? शरीरात पुरुषी हार्मोन जास्त असल्याच्या खुणा आहेत का, म्हणजे हनुवटीवर राठ केस, हट्टी मुरमं, डोक्यावरचे केस विरळ होणं, किंवा रक्ताच्या रिपोर्टमध्ये तसा आकडा? आणि सोनोग्राफीत बीजांडकोशात लहान लहान पुटिकांची गर्दी दिसते का? तिनांपैकी दोन जुळल्या, आणि थायरॉइड, प्रोलॅक्टिन अशी दुसरी कारणं वगळली, की निदान झालं. २००३ साली नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात जमलेल्या तज्ज्ञांनी घालून दिलेला हा नियम थोड्याफार फरकाने आजही जगभर पाळला जातो. आपल्याकडे दवाखान्यापासून पार्लरपर्यंत सगळे याला पीसीओडी म्हणतात.

या तिन्ही गोष्टींत मन कुठेच नाही. व्याख्येत ते नाही हे ठीकच आहे. कुणी उदास आहे म्हणून तिला पीसीओएस आहे असं म्हणता येणार नाही. अडचण पुढची आहे. जे व्याख्येत नाही ते केसपेपरवर येत नाही, आणि जे केसपेपरवर नाही ते कुणी विचारत नाही. शेवटची पाळी कधी आली, वजन किती, लग्न झालंय का, मूल हवंय का, एवढी चौकशी होते. झोप कशी लागते, गेल्या महिन्यात रडू किती वेळा आलं, मैत्रिणींकडे जाणं बंद झालंय का, हे बहुतेक ठिकाणी विचारलंच जात नाही. उठता उठता डॉक्टर एक सल्ला मात्र हमखास देतात: ‘टेन्शन घेऊ नकोस.’ मला हा सल्ला या आजारातला सर्वांत निरुपयोगी उपचार वाटतो. टेन्शन आहे हे त्यात मान्य केलेलं असतं आणि त्याची जबाबदारी लगेच पेशंटवर टाकलेली असते.

आधी हा प्रश्न किती जणींचा आहे ते पाहू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, देशाच्या वेगवेगळ्या भागांत केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. १८ ते ४० वयाच्या ९,८२४ स्त्रिया त्यात होत्या. रॉटरडॅमच्या नियमाने मोजलं तर त्यातल्या १९.६ टक्के स्त्रियांना पीसीओएस होता, आणि १९९० सालच्या जुन्या, कडक अमेरिकी नियमाने ७.२ टक्के स्त्रियांना. मुंबईत १५ ते २४ वयाच्या मुलींची एक पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली होती. तिच्यात रॉटरडॅमने २२.५ टक्के आणि दुसऱ्या एका निकषाने १०.७ टक्के असे आकडे आले. मोजपट्टी बदलली की आकडा बदलतो, हे लक्षात ठेवावं. पण सर्वांत कमी आकडा धरला तरी वीस-बावीस मुलींच्या कॉलेजग्रुपमध्ये एकजण तरी निघते.

आता मनाचं. २०१७ साली जगभरातल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. पीसीओएस असलेल्या स्त्रियांच्या गटांत नैराश्याची लक्षणं मध्यमानाने ३६.६ टक्के जणींत होती, नसलेल्यांत १४.२ टक्के जणींत. चिंतेच्या बाबतीत अंतर आणखी मोठं होतं: ४१.९ टक्के आणि ८.५ टक्के. एका भारतीय अभ्यासात, तो लहान होता, ७० स्त्रियांचा, ३८.६ टक्के जणींना चिंतेचा आणि २५.७ टक्के जणींना नैराश्याचा त्रास आढळला. हे आकडे बहुतेक प्रश्नावल्यांमधून येतात. मानसोपचारतज्ज्ञाने समोर बसवून केलेलं निदान आणि प्रश्नावलीतले गुण यांत फरक असतो, तेव्हा ‘पीसीओएस आहे म्हणजे नैराश्य येणारच’ असा अर्थ कुणी काढू नये. निम्म्याहून जास्त जणींना ते येत नाही. पण चार-पाच जणींमागे एकीलाही एखाद्या आजारात यकृताचा त्रास होत असता, तर यकृताची तपासणी केव्हाच नेमाची झाली असती.

हे होतं कशामुळे, असं विचारलं की चटकन उत्तर येतं: ‘वजन वाढतं, तोंडावर केस येतात, मग वाईट वाटणारच की!’ हे उत्तर चूक नाही. अर्धं मात्र आहे. तरी त्या अर्ध्याकडेही आपण नीट पाहत नाही, म्हणून आधी तिथेच थांबते.

केसांचंच घ्या. अंगावरचे केस मोजायची एक पट्टी आहे. फेरीमन आणि गॉलवे या दोघांनी ती १९६१ साली सुचवली. वरचा ओठ, हनुवटी, छाती, पोट, पाठ, दंड, मांड्या अशा ठिकाणी शून्य ते चार असे गुण द्यायचे आणि बेरीज करायची. डॉक्टरांच्या दृष्टीने ‘सौम्य’ ठरणारी बेरीज आणि त्या मुलीचं दुःख यांचा मेळ बसेलच असं नाही. हनुवटीवर मोजून सहा राठ केस असतील, पण ती मुलगी रोज सकाळी आंघोळीआधी आरशासमोर चिमटा घेऊन उभी राहते. ट्रेनमध्ये खिडकीची जागा मिळाली तरी उन्हाकडे पाठ करून बसते, कारण उन्हात ते केस दिसतात. कुठे मुक्कामाला जायचं तर पर्समध्ये चिमटा आणि बाथरूमला कडी आहे ना याची काळजी. दर दहा-बारा दिवसांनी थ्रेडिंग, पार्लरवालीचं ‘हार्मोन्सचं काहीतरी दाखवून घे गं’, आणि लेझरचा खर्च विचारून गप्प बसणं. यात पैसा जातो, वेळ जातो, आणि सतत कुणीतरी जवळून पाहतंय या धास्तीने मन थकतं. २०२३ साली नव्याने निघालेली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रं तेच सांगतात. केस किती आहेत यापेक्षा त्यांचा तिला किती त्रास होतो ते पाहून उपचार ठरवावेत. ही सूत्रं ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाच्या हेलेना टीड यांच्या नेतृत्वाखाली तयार झाली आणि जगातल्या बऱ्याच तज्ज्ञ संस्थांचा त्यांत सहभाग होता.

मग वजन. पीसीओएसमध्ये बऱ्याच स्त्रियांचं शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही. म्हणून स्वादुपिंड जास्त इन्शुलिन सोडतं. हे जादा इन्शुलिन बीजांडकोशातल्या पेशींना पुरुषी हार्मोन बनवायला आणखी चेतवतं. शिवाय रक्तात त्या हार्मोनला धरून ठेवणारं एक प्रथिन यकृतात तयार होतं, त्याचं प्रमाण घटवतं, म्हणून मोकळा हार्मोन आणखी वाढतो. पुटिका अर्धवट वाढून थांबतात, बीज सुटत नाही, पाळी लांबते. सोनोग्राफीत दिसतात त्या याच थांबलेल्या पुटिका. घरी मात्र रिपोर्ट वाचला जातो तो ‘गाठी आहेत’ असा, आणि आईच्या डोळ्यांपुढे कॅन्सर उभा राहतो. त्या गाठी नसतात, कापून काढायच्याही नसतात. रिपोर्ट हातात देताना एवढं एक वाक्य डॉक्टरांनी सांगितलं तरी कितीतरी घरांतली रात्रीची झोप वाचेल.

अशा शरीरात वजन चढायला सोपं आणि उतरायला अवघड जातं. तरी वजनाबद्दल बोलताना सगळे न्यायाधीश होतात. ‘भात बंद कर’, ‘जिमला जा’, ‘इच्छाशक्ती पाहिजे’. दवाखान्यातही ‘आधी दहा किलो कमी करून ये, मग बघू’ असं सांगणारे कमी नाहीत. ती प्रयत्न करते, तीन किलो उतरतं, मग थांबतं, दिवाळीत दोन परत येतं, आणि पुढच्या तारखेला दवाखान्यात जायचीच लाज वाटते. औषधोपचार तुटतात ते बऱ्याचदा असे. काही जणी दिवसभर उपाशी राहतात आणि रात्री स्वयंपाकघरात उभ्यानेच हाताला येईल ते खातात, नंतर स्वतःला शिव्या देतात. अनावर खाण्याच्या विकाराचं प्रमाण पीसीओएसमध्ये जास्त दिसतं, हे आता बऱ्यापैकी प्रस्थापित झालंय. अशा मुलीच्या हातात कडक डाएटचा छापील कागद ठेवला तर विकार बळावण्याचीच शक्यता. आणि बारीक अंगाच्या ज्या मुलींना पीसीओएस असतो त्यांची कथा उलटी. ‘तुला? तू तर इतकी सडपातळ!’ असं ऐकून ऐकून त्यांना आपला आजारच सिद्ध करत बसावं लागतं.

आता उरलेलं अर्धं. नैराश्य वजनामुळेच येत असेल, तर सारख्या वजनाच्या दोन गटांची तुलना केल्यावर फरक नाहीसा व्हायला हवा. तो होत नाही. कमी होतो, पण उरतो. म्हणजे आणखी काहीतरी आहे. इन्शुलिनचा प्रतिरोध आणि नैराश्य यांचा संबंध पीसीओएस नसलेल्यांतही दिसतो. शरीरात मंदपणे चालू असलेला दाह हा दुसरा संशयित. तिसऱ्याकडे फार कमी लक्ष जातं, ती म्हणजे झोप. झोपेत श्वास अडखळण्याचा विकार पीसीओएस असलेल्या स्त्रियांत जास्त आढळतो, आणि त्याचं कारण केवळ वजन नाही. रात्रभर श्वास अडून झोप मोडत असेल तर सकाळी डोकं जड, दिवसभर चिडचिड, कामात लक्ष नाही. घरचे म्हणतात ‘आळशी झालीये’. घोरणं ही आपल्याकडे पुरुषांची मक्तेदारी मानली जाते, तेव्हा पंचविशीतल्या मुलीला कुणी विचारणार नाही आणि ती स्वतःहून मरेपर्यंत सांगणार नाही.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात दहा हजारांच्या आसपास पीसीओएसग्रस्त स्त्रियांची तुलना एक लाखाच्या आसपास इतर स्त्रियांशी केली होती. शरीराचं वजन आणि इन्शुलिन यांच्याबरोबर नैराश्याकडे झुकवणाऱ्या जनुकीय खुणांचाही पीसीओएस होण्यात वाटा असावा, असं त्यातून सूचित झालं. नीट विचार केला तर हा निष्कर्ष नेहमीच्या समजुतीला धक्का देणारा आहे. आजार झाला म्हणून मन खचलं, एवढा सरळ बाण नाही. दोन्ही एकाच मातीत रुजत असावीत. पण यावरून ‘बघ, टेन्शन घेतलंस म्हणून झालं’ असं कुणी म्हणायला लागलं तर त्याला तिथेच अडवावं. जनुकांतून आलेली प्रवृत्ती आणि परीक्षेचं टेन्शन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीत त्या मुलीचा काडीचाही दोष नाही.

हे झालं शरीराचं आणि जनुकांचं. घरं मात्र वेगळी असतात, आणि आपल्या घरांत या आजाराला स्वतःचा असा जाच आहे. जिथे अजून ‘बाजूला बसणं’ चालतं, तिथे पाळी ही खासगी गोष्ट राहतच नाही. ती आली की सगळ्यांना कळतं, आणि आली नाही की त्याहून जास्त कळतं. ‘आली का गं?’ हा प्रश्न सकाळी चहाबरोबर विचारला जातो. गौरी-गणपती, नवरात्र, घरातलं लग्न, सत्यनारायण, यांच्या तारखा कॅलेंडरवर पक्क्या आणि हिची तारीख मात्र कधीच पक्की नाही. दीड-दोन महिने न आलेली पाळी नेमकी गौरी जेवायच्या दिवशी आली, तर काही घरांत तो तिचाच गुन्हा. म्हणून मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणल्या जातात, डॉक्टरला न विचारता, आणि आधीच विस्कटलेलं चक्र आणखी विस्कटतं. लांबलेली पाळी येते तेव्हा कधीकधी इतकी अंगावर जाते की ऑफिसच्या खुर्चीवरून उठायची भीती वाटते. या सगळ्या काळजीला वैद्यकीय प्रश्नावलीत जागा नाही, पण ती महिनोन्‌महिने चालू असते.

आणि लग्न. ‘लग्न झालं की सगळं सुरळीत होतं’ हे वाक्य काकू-मावशींचं आहेच, काही डॉक्टरांच्या तोंडीही असतं. त्याला वैद्यकीय आधार नाही. लग्नाने इन्शुलिनचा प्रतिरोध जात नाही, बाळंतपणानेही हा आजार मुळातून बरा होत नाही. तरी या वाक्यामुळे एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीच्या उपचारात तिचं पुढचं सासर येऊन बसतं. स्थळ पाहायला लागलं की पुढचा पेच. सांगायचं की नाही? आई म्हणते, ‘इतक्यात काही बोलू नकोस.’ मुलीला वाटतं, लपवलं तर उद्या फसवलं म्हणतील. काही जणी स्वतःच स्थळं नाकारतात आणि कारण वेगळंच सांगतात. ज्या भीतीपोटी हे सगळं चालतं ती, ‘मूल होणार नाही’, मुळात फुगवलेली आहे. पीसीओएसमध्ये दिवस राहायला वेळ लागू शकतो, औषधं लागू शकतात. पण बीज सुटायला मदत करणाऱ्या लेट्रोझोलसारख्या गोळ्या आहेत, आणि बहुसंख्य स्त्रियांना मूल होतं. निदान सांगतानाच हे सांगायला हवं. विशीतल्या मुलीला वंध्यत्वाची धमकी देऊन व्यायामाला लावणं हा प्रकार सर्रास चालतो, आणि तो क्रूर आहे असं माझं मत आहे. उलट, दिवस राहिले की सगळे निश्चिंत होतात, पण पीसीओएस असलेल्या स्त्रियांत गरोदरपणातल्या आणि बाळंतपणानंतरच्या नैराश्याचं प्रमाणही जास्त आहे. बाळाच्या बारशाच्या गडबडीत तिच्याकडे कोण पाहतं?

निदान उशिरा होणं हाही मनावरचा एक भार. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय पाहणीत १,३८५ स्त्रियांना त्यांचा अनुभव विचारला होता. त्यातल्या एक तृतीयांश जणींना निदान मिळायला दोन वर्षांहून जास्त काळ लागला होता आणि जवळपास निम्म्या जणी त्यासाठी तीन किंवा जास्त वैद्यकीय व्यावसायिकांकडे गेल्या होत्या. एक मुरमांसाठी त्वचारोगतज्ज्ञाकडे, एक पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे, एक वजनासाठी आहारतज्ज्ञाकडे. प्रत्येकाने आपापला तुकडा पाहिला. आपल्या शहरांत मला याची उलटी चूकही तेवढीच दिसते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीची पाळी दोन महिने चुकली की थेट सोनोग्राफी आणि कपाळावर पीसीओडीचा शिक्का. वयात येतानाच्या वर्षांत पाळी मागेपुढे होतेच, आणि त्या वयात निरोगी बीजांडकोशही पुटिकांनी भरलेले दिसू शकतात. म्हणून पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षं तरी सोनोग्राफीवरून निदान करू नये, असं सूत्रं स्पष्ट सांगतात. न झालेल्या आजाराची काळजी वाहत दहावीला बसणारी मुलगी हीसुद्धा या विषयातलीच पेशंट आहे.

औषधांबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण शरीराचं औषध मनावर आणि मनाचं औषध शरीरावर काम करून जातं. पाळी नियमित करायला आणि केस-मुरमं आटोक्यात ठेवायला दिल्या जाणाऱ्या हार्मोनच्या गोळ्यांनी पुष्कळ जणींना बरं वाटतं. चेहरा सुधारला की मनही उघडतं. पण काही जणींचा मूड या गोळ्यांनी बिघडतो. डेन्मार्कमधल्या दहा लाखांहून अधिक स्त्रियांच्या नोंदी तपासून २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हार्मोनची गर्भनिरोधकं घेणाऱ्यांना नैराश्याची औषधं सुरू होण्याचं प्रमाण थोडं जास्त दिसलं, आणि किशोरवयीन मुलींत ते सर्वाधिक होतं. याचा अर्थ गोळ्या फेकून द्या असा नाही. गोळी सुरू केल्यावर दोन-तीन महिन्यांनी ‘मन कसं आहे?’ हे विचारलं जावं, एवढाच. इन्शुलिनच्या प्रतिरोधावर दिलं जाणारं मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं तर ब-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. शाकाहारी घरांत ते आधीच काठावर असतं, आणि त्याच्या कमतरतेने थकवा येतो, हातापायांना मुंग्या येतात, मन मलूल होतं. साध्या रक्ततपासणीने कळणारी गोष्ट आहे.

दुसऱ्या बाजूचं उदाहरण जास्त धक्कादायक आहे. व्हॅल्प्रोएट हे फिट्ससाठी आणि मनाच्या चढउताराच्या म्हणजे बायपोलर विकारासाठी दिलं जाणारं जुनं औषध. १९९३ साली फिनलंडच्या संशोधकांना असं आढळलं की ज्या स्त्रियांना ते विसाव्या वर्षाआधी सुरू झालं होतं, त्यांच्यातल्या ८० टक्के जणींच्या बीजांडकोशात पुटिका तरी होत्या किंवा पुरुषी हार्मोन तरी वाढलेला होता. शिवाय हे औषध गर्भाला घातक ठरू शकतं. म्हणून मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना ते शक्यतो टाळावं, असं आता सांगितलं जातं. मनोविकारांवरची काही औषधं वजन आणि प्रोलॅक्टिन वाढवतात, पाळी थांबवतात. म्हणजे मनासाठी गेलेली मुलगी पाळीची तक्रार घेऊन परत येऊ शकते. अशा वेळी औषध आपल्या मनाने बंद करणं धोक्याचं. डॉक्टरांशी बोलून बदलता येतं.

गंभीर टोकाचं टाळून चालणार नाही. तैवानमध्ये जवळपास १९ हजार पीसीओएसग्रस्त स्त्रियांच्या नोंदींवरून २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका इतर स्त्रियांच्या तुलनेत आठ पटींहून जास्त आढळला. दवाखान्यापर्यंत पोचून नोंद झालेल्या स्त्रियाच अशा अभ्यासात येतात, म्हणजे त्रास जास्त असलेल्या, हे धरून चालावं. आणि पटीतला आकडा मोठा दिसला तरी प्रत्यक्ष प्रमाण लहानच असतं. तरीही ‘एवढ्याशा पाळीचं काय घेऊन बसलीस’ म्हणणाऱ्यांनी तो एकदा वाचावा.

मग करायचं काय? २०२३ च्या सूत्रांत त्याचं उत्तर आहे: पीसीओएसचं निदान झालेल्या प्रत्येक प्रौढ स्त्रीची आणि किशोरवयीन मुलीची नैराश्य व चिंतेसाठी चाचपणी करावी. ‘रडवेली दिसली तर’ असं नाही, प्रत्येकीची. त्यासाठी यंत्र लागत नाही. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटला नाही असं किती दिवस झालं, आणि मन खचल्यासारखं किती दिवस वाटलं, एवढे दोन प्रश्न सुरुवातीला पुरतात. उत्तरं काळजीची आली तर मोठी प्रश्नावली, आणि मग समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ. हे एका मिनिटाचं काम आहे. ओपीडीत वजनकाट्यावर उभं करायला तेवढाच वेळ लागतो.

उपचारांत विचारांची आणि सवयींची घडी बदलणारी मानसोपचारपद्धत, म्हणजे सीबीटी, उपयोगी पडते असं दिसतं. अमेरिकेतल्या एका छोट्या प्रयोगात आहार-व्यायामाच्या सल्ल्याबरोबर सीबीटी दिलेल्या स्त्रियांचं वजनही नुसता सल्ला मिळालेल्यांपेक्षा जास्त उतरलं. ‘आधी वजन कमी कर, मग मन आपोआप बरं होईल’ हा क्रम उलटाही असू शकतो, असा त्याचा इशारा. आपल्या जवळचं उदाहरण आंध्र प्रदेशातल्या अनंतपूरचं आहे. तिथल्या एका निवासी कॉलेजातल्या १५ ते १८ वयाच्या ९० मुलींचे दोन गट करून एकाला रोज तासभर योग आणि दुसऱ्याला तेवढाच वेळ साधा व्यायाम, असं बारा आठवडे दिलं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार योगाच्या गटात चिंता जास्त कमी झाली. कार्यक्रम आसनांपुरता नव्हता, प्राणायाम, विश्रांती आणि समुपदेशनही त्यात होतं. योगाने पीसीओडी ‘मुळासकट’ घालवण्याच्या जाहिराती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात त्यांचा या प्रयोगाशी काही संबंध नाही.

महाराष्ट्रात परळच्या आयसीएमआरच्या प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत पीसीओएससाठी वेगवेगळ्या विषयांचे तज्ज्ञ एकत्र आणणारं क्लिनिक चालवलं गेलं. असं सगळ्या तालुक्यांत होणार नाही हे खरं. पण एक चौकट आधीपासून तयार आहे. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ साली सुरू झाला, आणि त्याखाली सरकारी रुग्णालयांत चालणारी किशोरवयीनांची केंद्रं आपल्याकडे ‘मैत्री क्लिनिक’ म्हणून ओळखली जातात. कार्यक्रमाचे सहा विषय आहेत. पोषण, लैंगिक व प्रजनन आरोग्य, मधुमेहासारखे असंसर्गजन्य आजार आणि मानसिक आरोग्य हे त्यातले चार. पीसीओएस असलेली सतरा वर्षांची मुलगी या चारही रकान्यांत एकाच वेळी बसते. तिला चार खोल्यांत फिरवायचं की एकाच टेबलाशी बसवायचं, एवढा निर्णय तिथल्या माणसांच्या हातात आहे.

दवाखाना गाठणं जमत नसेल, किंवा रात्री अकरा वाजता मन आवरेनासं झालं, तर केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आहे. मराठीत बोलता येतं, नाव-गाव सांगायची सक्ती नाही. आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जाताना पाळीची फाईल बरोबर न्यावी, पीसीओएस आहे हे पहिल्याच भेटीत सांगावं. नैराश्याच्या काही गोळ्यांनी वजन वाढतं, काहींनी फारसं वाढत नाही, आणि निवड करताना डॉक्टरांना ते माहीत असलं तर वेगळी चिठ्ठी लिहिता येते.